खोली क्रमांक ४: नातीचं कार्ड, सिस्टरचं पेन आणि न फिरणारा पंखा

लसीकरण केंद्राचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं तर गर्दी वाढेल आणि वाईट लिहिलं तर कुणातरी बिचारीला मेमो मिळेल. मध्य रेल्वेच्या एका स्टेशनापासून चालत बारा मिनिटं, शेअर रिक्षाने चार. तळमजला, खोली क्रमांक ४, दारावर खडूने ‘लसीकरण’ लिहिलेलं. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. गेल्या दीड वर्षात नातीला घेऊन माझ्या तिथे सहा फेऱ्या झाल्या, त्यातली एक रिकामी गेली. तिचंही सांगतो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, चौतीस वर्षं. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझं लक्ष आधी दोन गोष्टींकडे जातं: रांग कशी लावलीय आणि हिशेब कुठे लिहितात. बाकीचं सगळं, म्हणजे भिंतीचा रंग, स्वागताला बसलेल्या मुलीचं हसू, एसी, हे मागाहून.

सुरुवात घरातल्या वादाने झाली. सूनबाईंना नातीच्या लसी खासगी बालरोगतज्ज्ञाकडे द्यायच्या होत्या. डॉक्टर माणूस सज्जन. पहिल्या वर्षाचा अंदाजे खर्च त्यांनी कागदावर लिहून दिला. आकडा बघून आमच्या हिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. आकडा तोच होता. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तिथे पेनलेस मिळते.” मी डॉक्टरांनाच विचारलं, पेनलेस म्हणजे नेमकं काय? त्यांनी सरळ सांगितलं. सुई टोचायची ती टोचतेच. फरक डांग्या खोकल्याच्या भागात आहे. नेहमीच्या लसीत तो जंतू मारून अख्खा घातलेला असतो, म्हणून ताप आणि सूज जास्त. ‘पेनलेस’मध्ये त्या जंतूचे निवडक तुकडे असतात, म्हणून त्रास कमी. पण तुकड्यांवर शिकलेलं शरीर लवकर विसरतं, अख्ख्या जंतूवर शिकलेलं जास्त वर्षं लक्षात ठेवतं. “माझ्या घरात मूल असतं तर मी अख्खी दिली असती,” असं स्वतःचं नुकसान करून बोलणारा डॉक्टर मुंबईत भेटला, याचे वेगळे पाच तारे. तिथेच ठरलं. सरकारी यादीत जे आहे ते सरकारी केंद्रात, यादीत नाही ते यांच्याकडे.

जन्माच्या वेळचे तीन डोस प्रसूतिगृहातच झाले होते. डाव्या दंडावर क्षयरोगावरची बीसीजी, तोंडात पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची सुई. ही कावीळ आईकडून बाळाला जन्मावेळी जाऊ शकते, म्हणून ती लस २४ तासांच्या आत द्यायची घाई असते. पोलिओच्या त्या डोसला ‘शून्य डोस’ म्हणतात. मला गंमत वाटली. आमच्याकडे मोजणी एकपासून असायची.

पहिली फेरी दीड महिन्यांची झाल्यावर. सकाळी पावणेनऊला पोचलो तर टोकन चौदावं. टोकन म्हणजे पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, त्यावर स्केचपेनने आकडा. दोन बाकं, वर एक पंखा. तो फिरत नव्हता. सहाही फेऱ्यांत तो फिरताना मी पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये एका बाईने कार्डानेच बाळाला वारा घातला तर आरोग्य सेविका ओरडल्या, “ताई, कार्ड नका मोडू!” त्यांच्या आवाजात जो जीव होता तो तेव्हा मला जास्त वाटला. का होता ते नंतर कळलं.

आत टेबलावर निळा डबा, त्यात बर्फाचे चार पॅक आणि मधे बाटल्या. मी बाजूला उभा राहून बघत होतो. सिस्टरांनी विचारलं, “आजोबा, काय बघताय?” म्हटलं, शिकतोय. त्यांनी एक बाटली समोर धरली. लेबलावर जांभळट गोल, त्याच्या आत पांढरट चौकोन. तो चौकोन उष्णतेने हळूहळू काळपट होतो. गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चालते. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. म्हणजे कारखान्यापासून इथपर्यंत ती कुठे उन्हात पडली होती का, याचा पंच तिकिटावरच मारलेला. मी चौतीस वर्षं तिकिटं फाडली, इतकं प्रामाणिक तिकीट पाहिलं नाही. दुसरी गंमत बर्फाची. पॅक थेट फ्रीजरमधून काढून डब्यात टाकत नाहीत. बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू देतात, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मग घालतात. कारण काही लसी तापल्या तर बिघडतात, तशाच गोठल्या तरी बिघडतात. २ ते ८ अंश, एवढ्याच पट्ट्यात त्यांचा संसार.

मग काम सुरू. तोंडात पोलिओचे दोन थेंब. जुलाबांचा रोटाव्हायरस असतो त्याची तोंडावाटेच एक लस. डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे एका सुईत पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जंतू, जो लहान मुलांत मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो. उजव्या मांडीत न्यूमोकोकलची, तीही न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची. उजव्या दंडावर पोलिओचीच, पण इंजेक्शनातून, कातडीच्या आत अगदी थेंबभर. तीन सुया, एकामागून एक. नात ओरडली ते रेल्वेच्या भोंग्याला लाजवेल असं. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. मी तोंड फिरवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो, असं म्हणू.

एवढं सगळं एकाच दिवशी कशाला, बाळाच्या अंगावर भार नाही का पडत, असं आमच्या हिने घरी विचारलंच. पुढच्या फेरीत मी ते सिस्टरांपुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, “आजोबा, ही जमिनीवर हात टेकवून तोंडात घालते तेव्हा किती जंतू जातात, मोजलेत? त्यापुढे या बाटल्या म्हणजे चणे-फुटाणे.” मग नीट समजावलं. आईकडून मिळालेलं संरक्षण महिन्या-महिन्याने ओसरत जातं. डांग्या खोकला सगळ्यात जीवघेणा ठरतो तो पहिल्या काही महिन्यांत. म्हणून दीड, अडीच, साडेतीन महिने अशी घाई. पहिल्या डोसने शरीराला शत्रूचा चेहरा दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्याने तो पाठ होतो.

सुया झाल्यावर त्या चार गोष्टी सांगतात. प्रत्येक फेरीत त्याच चार, त्याच क्रमाने, जशी आमची ‘पुढे चला, पुढे चला’. आज काय दिलं आणि कशासाठी. काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुढे कधी यायचं. कार्ड सांभाळायचं आणि प्रत्येक वेळी आणायचं. मग अर्धा तास बाकावर बसवतात. क्वचित एखाद्याला लगेच तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुधा तेवढ्यातच दिसते. पुष्कळ लोक मधेच सटकतात, गाडी पकडायची असते. बसा हो. अर्ध्या तासात एक मालगाडी जाते, दुसरं काय होतं?

त्या रात्री ताप आला, १०१ च्या आसपास. हिने हळदीचा लेप उगाळायला घेतला होता. सिस्टरांनी मात्र सुईच्या जागी काही लावू नका, चोळू नका, म्हणून सांगितलं होतं आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं प्रमाण कार्डाच्या मागे लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात पुन्हा पूर्ववत हसायला लागली. बीसीजीच्या जागी महिन्याभराने फोड आला, पिकला, फुटला, तेव्हा मात्र घरात कुणालाच झोप नव्हती. तोही अपेक्षितच होता. काही लावायचं नाही, आपोआप वण राहतो.

आता तक्रारी.

नऊ महिन्यांची फेरी सोमवारी केली. टोकन घेतलं, तास काढला, आणि टेबलापाशी गेल्यावर नवीन आलेल्या एका मुलीने सांगितलं, “गोवरची बाटली आज उघडणार नाही. मुलं कमी आहेत. बुधवारी या.” मुलाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण मला नंतर समजलं. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, द्रव मिसळून तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं औषध नसतं, कारण ती जिवंत लस आहे, त्या औषधाने तीच मेली असती. पेंटाची बाटली उघडल्यावर नियमाने सांभाळली तर चार आठवडे चालते, हिची चार तास. म्हणून दोन मुलांसाठी बाटली फोडायला त्या मुलीचा हात धजेना. मला हे कळतं. रात्री शेवटच्या गाडीत दोनच प्रवासी असले की ड्रायव्हर माझ्याकडे असंच बघायचा. पण गाडी सोडावी लागते. बुधवारी डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं: एक मूल आलं तरी बाटली उघडायची, उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, परत पाठवलेलं मूल पुन्हा येईलच असं नाही. नियम असा असेल तर तो सोमवारीही असायला हवा होता. या फेरीचा एक तारा कापला आहे.

आणि ते परत पाठवणं मला का झोंबलं तेही लिहितो. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला होता. मुंबईत राहणाऱ्याला ते आठवत असेल. कस्तुरबा रुग्णालयाचं नाव रोज पेपरात. मुलं गेली. लस सुटलेल्या मुलांमध्ये गोवर वणव्यासारखा फिरतो. एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो आणि त्याने खोली सोडल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. कंडक्टरच्या भाषेत सांगायचं तर रोगी दादरला उतरला तरी गोवर पुढच्या डेपोपर्यंत विनातिकीट प्रवास करतो. वर आणखी एक वाईट सवय त्याची. तो बरा होऊन गेला तरी शरीराने इतर रोगांची जमवलेली ओळख पुसून जातो. पोर पुढे वर्ष-दोन वर्षं कशानेही आजारी पडतं. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली तरच वस्ती सुरक्षित. पाच-सहा जणांना ‘बुधवारी या’ म्हटलं की संपलं.

नऊ महिन्यांच्या आत का देत नाहीत, हा हिचा पुढचा प्रश्न. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अजून असतात, ती लसीतल्या विषाणूलाच मारून टाकतात आणि धडा वाया जातो. नऊ महिन्यांनाही सगळ्यांना धडा लागत नाही, म्हणून सोळा महिन्यांनंतर दुसरा डोस. मी समजत होतो, दुसरा म्हणजे जोर वाढवायला. तर नाही. पहिल्या गाडीत जे चढू शकले नाहीत त्यांच्यासाठी ती दुसरी गाडी. नऊ महिन्यांनाच डाव्या दंडावर पोलिओची तिसरी थेंबभर सुई, मांडीत न्यूमोकोकलचा बूस्टर आणि चमच्यातून अ जीवनसत्त्व. ते अ जीवनसत्त्व नातीने तोंडातच धरलं आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर सोडलं. डाग गेलेला नाही.

पोलिओचं नाव निघालं की मला वेगळंच आठवतं. पल्स पोलिओच्या रविवारी डेपोत, स्टेशनवर, टोलनाक्यावर टेबलं लागायची. बसमधून मूल उतरलं की ताई धावत यायच्या, दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर काळी शाई. कुणी ‘कालच दिला’ म्हणालं की मी नख बघायला सांगायचो. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शेजारी पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून थेंब चालूच.

परळवरून जाणारी ड्युटी लागली की हाफकिनची इमारत दिसायची. आमच्यातले निम्मे लोक तिला सापाच्या विषावरच्या औषधाची इमारत म्हणून ओळखायचे. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई १० तारखेला स्वतःलाच टोचून घेतली. दोन वर्षांनी काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आलं. त्याच्याही आधी, १४ जून १८०२ ला, याच शहरात ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली होती, हिंदुस्थानातली पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव पुढच्याच्या दंडात, त्याचा त्याच्या पुढच्याच्या, अशी ती लस देशभर गेली. फ्रीज नव्हता, तर माणसांचीच शीतपेटी केली. माझ्याही डाव्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत, नाण्याएवढे. नात त्यावर बोट ठेवते. तिच्या दंडावर ते नसतील, कारण १९८० मध्ये तो रोगच जगातून गेल्याचं जाहीर झालं.

भरकटलो. केंद्राकडे परत.

तिथली सगळ्यात मोलाची वस्तू लस नाही. लस खासगीतही मिळते. सगळ्यात मोलाचं म्हणजे सिस्टरांचं निळं पेन. नातीच्या कार्डावर त्या सरकारी डोस तर लिहितातच, पण आम्ही बाहेर काय दिलं तेही विचारून लिहितात. गालगुंडाची लस सरकारी यादीत नाही, कांजिण्यांची नाही, फ्लूची नाही, कावीळ अ ची नाही. सूनबाईंनी त्यातल्या काही त्या सज्जन डॉक्टरांकडे दिल्या. मग डॉक्टर गावी गेले म्हणून कांजिण्यांसाठी एका मोठ्या चकचकीत क्लिनिकमध्ये वेळ घेतली. फोनवरच्या मुलीने तारीख दिली. सोळा महिन्यांच्या फेरीत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला तेव्हा सिस्टरांनी सहज विचारलं, पुढे बाहेर काही ठरलंय का? सूनबाईंनी तारीख सांगितली. दहा दिवसांनंतरची. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही जिवंत लसी. अशा दोन सुया द्यायच्या तर एकाच दिवशी, नाहीतर मधे किमान चार आठवडे. दहा दिवसांनी दिली असती तर दुसरीचा परिणाम कमी झाला असता आणि आम्हाला कधी पत्ताही लागला नसता. कार्डाच्या समासात त्यांनी नवी तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. त्या चकचकीत क्लिनिककडे कॉम्प्युटर होता, ॲप होतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या. फक्त ‘आधी काय दिलंय’ हे कुणी विचारलं नव्हतं.

सर्दी असताना डोस चुकवलेलं एक कुटुंब बाकावर भेटलं. आता पहिल्यापासून सुरू करावं लागणार या भीतीने ती माउली महिनाभर आलीच नव्हती. साध्या सर्दी-खोकल्याने लस अडत नाही आणि उशीर झाला तरी पहिल्यापासून नाही, जिथे थांबलो तिथून पुढे. हे दारावर मोठ्या अक्षरात लावायला हवं. ‘येथे थुंकू नये’च्या जागी लावलं तरी चालेल, तसंही लोक थुंकतात.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. त्याच सोळा महिन्यांच्या फेरीत, सुया संपल्यावर, सिस्टर माझ्याकडे वळल्या. “आजोबा, तुमचं शेवटचं धनुर्वाताचं कधी?” म्हटलं, बसच्या दाराच्या पत्र्याने कापलं होतं तेव्हा. “साल?” आठवेना. २००८ असेल. “मग कार्ड?” कसलं कार्ड! माझं कधीच नव्हतं. मुलाचं होतं, १९९० चं, २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याच्या कपाटात भिजून लगदा झालं. ते गेलं याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं. टीव्ही गेला याचं वाटलं होतं.

धनुर्वाताचा बूस्टर मोठ्या माणसाने दर दहा वर्षांनी घ्यायचा असतो. गंज लागलेल्या पत्र्याचाच संबंध असतो असंही नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात, कुंडीतल्या काट्यानेही भागतं. आणि हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. गोवरात शेजारच्याने घेतलेली लस तुम्हालाही वाचवते, यात नाही. यात ज्याची सुई त्याचीच. रोग होऊन बरं झालं तरी पुन्हा होऊ शकतो. खोली क्रमांक ४ मध्ये ही लस आहे, पण गरोदर बायका आणि दहा व सोळा वर्षांच्या मुलांसाठी. सोळाच्या पुढे रांगच नाही. तिथून पुढे माणूस शहरात सुटा. कुणी घरी येऊन विचारत नाही, भिंतीवर तक्ता नाही, ‘पुढे कधी यायचं’ सांगणारं कुणी नाही. केंद्राचा अर्धा तारा यासाठी कापतो. ही त्या सिस्टरांची चूक नाही, मला ठाऊक आहे.

म्हणून मी त्याच चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो, ‘ज्येष्ठांसाठी लसीकरण पॅकेज’ अशी पाटी होती म्हणून. एसी उत्तम. कॉफी दिली. रंगीत पत्रकात सगळ्या लसी अशा मांडलेल्या जशी लग्नाच्या हॉलची थाळी. मला काय आजार आहे हे विचारण्याआधी पॅकेज सोनेरी हवं की रुपेरी विचारलं. मी म्हटलं, बाटली दाखवा. मुलगी आत गेली, मीही मागोमाग डोकावलो. घरात असतो तसला फ्रीज. लसीचे खोके दाराच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी. दार सारखं उघडलं-मिटलं जातं, तिथे तापमान कधीच स्थिर नसतं. लस दारात ठेवायचीच नसते, एवढं खोली क्रमांक ४ मधल्या मावशींनाही माहीत आहे. चौकोन-गोलाचं विचारलं तर तिला काही कळेना. बाजारातल्या सगळ्याच बाटल्यांवर ते चिन्ह नसतं हे खरं, पण मग तापमानाची वही तरी? वही नव्हती. कॉफी संपवून उठलो. पाचपैकी एक, तो कॉफीचा.

शेवटी काम झालं ते बाजारपेठेतल्या एका जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे. लसींसाठी वेगळा छोटा फ्रीज, आत तापमापक, बाहेर वही. त्यांनी आधी वय, साखर, बीपी, ॲलर्जी विचारली आणि मग क्रम लावला. धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर लगेच. फ्लूची पावसाआधी, आणि दर वर्षी, कारण तो विषाणू दर वर्षी कपडे बदलून येतो. फ्लूच्या सुईने फ्लू होत नाही, आत मेलेला विषाणू असतो, एक दिवस दंड दुखतो एवढंच. साखर असल्यामुळे न्यूमोनियाची. आणि आमच्या हिचं व माझं वय पन्नाशीपुढचं, म्हणून नागिणीची, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस.

नागिणीची ऐकून ही सावरून बसली. गेल्या वर्षी तिला कमरेला नागीण झाली होती. चाळीत सगळ्यांनी सांगितलं, दोन टोकं जुळली की खलास. कुणी गेरू लावला, कुणी मंत्र घातला. टोकं जुळत नसतात, ती एकाच नसेच्या वाटेने एका बाजूला उठते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो, वय झालं की जागा होतो. फोड तीन आठवड्यांत गेले, आग चार महिने गेली नाही. ती लस महाग आहे, हे लपवत नाही. एका डोसची किंमत ऐकून मीच चष्मा पुसला. तरी तिने चार महिने रात्री काय काढलं ते पाहिलंय, म्हणून भिशीचे पैसे तिकडे वळवले. मोठ्या मुलीची लेक अकरा वर्षांची, तिच्या एचपीव्हीचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचंही तेव्हाच ठरलं. चौदापर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरा उलटली की तीन लागतात. पुण्याच्या सीरमची देशी लस आल्यापासून ती परवडायलाही लागली. या डॉक्टरांना चार तारे. एक कापला तो अक्षराचा. त्यांनी माझ्यासाठी कागदावर जे लिहिलं ते औषधवाल्यालाही वाचता आलं नाही.

म्हणून मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखे, रकाने आखले: तारीख, लस, बाटलीचा बॅच नंबर, कुठल्या दंडात, पुढची तारीख. ती घेऊन खोली क्रमांक ४ मध्ये गेलो, नातीशिवाय, टोकनशिवाय, दुपारी एकनंतर, रांग संपल्यावर. सिस्टरांना म्हटलं, डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला लागतं का बघा. त्यांनी कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले, आणि निळ्या पेनाने माझ्या वहीत उतरवून दिलं. धनुर्वातापुढे ‘पुढची तारीख’ लिहिली: २०३५. तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा असेन. बाजूला हिची ओळ आखली, खाली मुलाची. मुलाचं सगळं रिकामं.

जाणाऱ्यांसाठी: बुधवारी जा, त्या दिवशी गोवरची बाटली नक्की उघडते. पावणेनऊच्या आत पोचा. कार्डाचे दोन झेरॉक्स काढून एक वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे ठेवा, तळमजल्यावर नको. बाळाला पुढून उघडणारा कपडा घाला, दंड आणि मांडी दोन्ही लागतात. हातपंखा घरून न्या. आमची पुढची फेरी नात पाच वर्षांची झाल्यावर, त्रिगुणीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसऱ्या बूस्टरला. पंखा तोवर दुरुस्त होतो का ते कळवीन.